बैठकीतून उठलेला माणूस

"आत्या, तू आधी बस," निखिल फोनवर म्हणाला.

हे वाक्य कानावर आलं की पुढचं ऐकायची गरज उरत नाही. आपल्याकडे अशी बातमी उभ्या माणसाला देत नाहीत. मी ओट्याशी उभी राहून दवाखान्यात न्यायचा डबा भरत होते, मऊ भात आणि मुगाचं वरण. बसले नाही. माझा स्वभावच तसा, कुणी बस म्हटलं की मला उभं राहावंसं वाटतं. "कधी?" एवढंच विचारलं. "आत्ताच," तो म्हणाला. मग मी डब्याचं झाकण घट्ट लावलं, पिशवीत चमचा टाकला, आणि त्या पिशवीकडे बघत उभी राहिले... तो भात कुणी खायचा, हे डोक्यात शिरायला बराच वेळ लागला. नंतर रिक्षात बसल्यावर मला वाटलं, नानाच्या मरणाची बातमी याच शब्दानं सुरू व्हायची होती. जन्मभर जगाला 'बसा' म्हणत आलेला माझा भाऊ. आणि फोनवर ते म्हणत होता त्याचा मुलगा, जो त्याच्या घरात गेल्या इतक्या वर्षांत एकदाही बसला नव्हता.

नाना माझ्याहून मोठा. आमचं गाव लासलगावच्या अलीकडे, घरात कांदा आणि कांद्याचीच बोलणी. तिघा भावंडांत सर्वांत मोठा आप्पा शेतीत राहिला, नाना शिकून नाशिकरोडला एका शाळेत इंग्रजीचा मास्तर झाला, आणि मी त्याच्याच घरी राहून त्याच्याच शाळेत शिकले, पोस्टात लागले. त्यामुळे त्याचं शिकवणं मी शाळेतही सोसलंय आणि घरीही. त्याची एक खोड होती. वर्षाच्या सुरुवातीला नव्या वर्गात गेला की तो फळ्यावर इंग्रजीतला एकच शब्द लिहायचा. 'सिट'. आणि पुढचे कितीतरी तास त्या एका शब्दावर काढायचा. पोरांना वाटायचं, हे काय, हा तर बालवाडीतला शब्द. बालवाडीपासून 'सिट डाउन, स्टँड अप' करतच ती मोठी झालेली. नाना म्हणायचा, तेवढंच येतं तुम्हाला, कारण तेवढंच तुम्हाला कुणीतरी फर्मावलंय. मग एकेक वापर काढायचा. कोंबडी अंड्यावर बसते तिथं हाच शब्द. कोर्ट बसतं, तिथं हाच. कोट अंगावर नीट बसला, परीक्षेला बसलो, जड जेवण पोटात बसून राहिलं, सगळीकडे हाच. पोरं हरखायची, कारण हे तर सगळं आपल्यासारखंच निघालं. मग तो हळूच म्हणायचा, "आता सांगा, आपला विश्वास बसतो. त्यांचा बसतो का?" कुणालाच यायचं नाही. "नाही बसत. त्यांचा असतो किंवा नसतो. बसतो आपलाच, म्हणून तर आपला उठतोही." एवढं बोलून तो स्वतःवरच खूश होऊन खडू झटकायचा.

घरी आलेल्याला 'सिट डाउन' म्हणायचं नाही, हा त्याचा मोठा धडा. ते कुत्र्याला म्हणतात किंवा गुन्हेगाराला. पाहुण्याला 'हॅव अ सीट' म्हणायचं, कारण त्यात आपण हुकूम सोडत नाही, आपल्याकडचं काहीतरी त्याला देतो. एका पोरानं घरी आलेल्या मामाला हे इंग्रजीत ऐकवलं आणि मामा उभ्या उभ्या परत गेला, अशी एक गोष्ट शाळेत फिरायची. खरी की नानानंच रचलेली, मला माहीत नाही. त्याच्या वर्गात उत्तर द्यायला कुणी उभं राहायचं नाही. बसल्या जागेवरून सांगायचं. उभा राहायचा तो एकटा, सगळा तास, पायाच्या शिरा फुगेपर्यंत. मुख्याध्यापकांनी यावरून त्याला दोनदा ऐकवलं. तो म्हणाला, "उभं केलेलं पोर उत्तर देत नाही, सुटका शोधतं." मुख्याध्यापक त्याच्या नादी लागायचे थांबले. मलाही कंटाळा यायचा त्याचा. साधं बोलून भागेल तिथं हा माणूस धडा करून दाखवायचा. हे मी कौतुकानं लिहीत नाहीये. याच खोडीनं पुढे त्याचा घात केला.

जेलरोडला त्याचं बैठं घर आहे, गच्चीवर गेलं की एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात. पुढच्या व्हरांड्यात त्यानं वेताची एक खुर्ची ठेवली होती. स्वतःसाठी नाही. सिलिंडरवाला, कुरियरवाला, वर्गणी मागायला आलेले, पत्ता विचारणारे, दारात जो येईल त्याला तो त्या खुर्चीवर बसवायचा आणि स्वतः चौकटीला टेकून उभा राहायचा. "बसा हो, बसून बोलू," म्हणायचा आणि बसायचा मात्र दुसराच. वहिनी होती तोवर ती चिडायची, म्हणायची, आणखी एक खुर्ची घ्या की. त्यानं कधी घेतली नाही. निखिल कॉलेजात असताना वहिनी गेली, आणि मग त्या घरात बापलेक दोघंच उरले. छान जमायचं त्यांचं. दोघं जेवायला बसले की ताटं सुकेपर्यंत बोलत बसायचे, मी बाहेरून दार वाजवायचे तरी ऐकू जायचं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचताना कुणाला वाटेल, त्यांच्यात पहिल्यापासूनच काहीतरी बिनसलेलं असेल. तसं अजिबात नव्हतं.

निखिलनं आपलं लग्न आपणच ठरवलं. मुलगी त्याच्याच कॉलेजातली, येवल्याची, वैशाली. तिचे वडील काशिनाथभाऊ पैठणी विणायचे, घरचा हातमाग. नानाला पोरगी पहिल्या भेटीतच आवडली, कारण तिनं त्याच्या एका इंग्रजी वाक्यात चूक काढली होती. आप्पाला मात्र हे स्थळ नको होतं, त्याला जमीनवाल्यांची सोयरीक हवी होती. पण पोरांनी ठरवलंच होतं, तेव्हा उरली होती फक्त रीत. बैठक घालायची, चार माणसांसमोर बोलायचं, सुपारी फोडायची आणि पेढे वाटायचे. बैठक नानाच्याच घरी ठरली. पुढच्या खोलीत सतरंजी, भिंतीला लोड, एका बाजूला आमची माणसं, दुसऱ्या बाजूला काशिनाथभाऊ, मुलीचा मामा आणि त्यांचे दोघं-तिघं. निखिल कोपऱ्यात. आम्ही बायका आतल्या खोलीत, दार अर्धं उघडं. दिसत सगळं होतं, बोलायची मुभा तेवढी नव्हती.

काशिनाथभाऊंनी स्वतःच्या हातानं विणलेली एक पैठणी आणली होती. वहिनी नसल्यामुळे विहिणीचा मान माझ्याकडे आला होता, आणि ती साडी माझ्यासाठी होती. त्यांनी ती घडीतच पुढे ठेवली. आप्पा म्हणाला, "घडीत काय दिसनार? जरा उभं राहून पदर दाखवा की, पाहू कसा हाय." काशिनाथभाऊ उठले. दोन्ही हात लांब करून त्यांनी पदर उलगडून धरला. मोर होते त्यावर, आतूनही मला त्यांचा हिरवा रंग दिसत होता. सगळे वा वा म्हणाले. आणि मग आप्पानं मांडवाची बोलणी काढली, वरातीची काढली, जेवणावळीची काढली... आणि तो माणूस तसाच उभा, हात पसरून, दुकानात गिऱ्हाइकासमोर उभं राहावं तसा. कुणी त्याला बसा म्हणेना. बसा म्हटल्याशिवाय त्याला बसता येईना, कारण तो मुलीचा बाप होता. नाना म्हणाला, "आप्पा, त्यांना बसू दे." आप्पा म्हणाला, "बसतील की, त्यांला काय घाई हाय?" दोघं-तिघं हसले. नाना पुन्हा म्हणाला. आप्पानं ऐकलंच नाही. काशिनाथभाऊंच्या हातातलं पदराचं एक टोक खाली यायला लागलेलं मला दिसलं.

तेव्हा नाना उठला. सतरंजी ओलांडून गेला, काशिनाथभाऊंच्या शेजारी उभा राहिला आणि पदराचं दुसरं टोक त्यानं हातात घेतलं.

ज्यांना आमच्याकडची रीत ठाऊक नाही, त्यांना यात काय बिघडलं ते कळणार नाही. सुपारी फुटायच्या आधी बैठकीतून कुणी आपणहून उठायचं नसतं. तहान लागली तर पाणी बसल्या जागी येतं. आणि मुलाचा बाप उठला, तर बोलायचं काही उरतच नाही. त्यानं सोयरीक मोडली, असाच त्याचा अर्थ. तोंडानं नाही म्हणायचा अवघडपणा नको, म्हणून वाडवडिलांनी घालून दिलेली ती खूण. नाना आणि काशिनाथभाऊ साडीची घडी घालत होते, दोघंही एकमेकांकडे बघत, कडेला कड लावत. घडी पुरी व्हायच्या आत मुलीचा मामा उठला. "चला, समजलं," म्हणाला. त्याच्यामागे त्यांची सगळी माणसं उठली, चपला शोधायला लागली. नाना म्हणत राहिला, "अहो, तसं नाही, बसा, बसा ना तुम्ही," पण उठलेली बैठक कुणी परत बसवू शकत नाही. आप्पा लोडाला टेकून बसून होता. त्याला हवं ते झालं होतं आणि मोडण्याचा दोष त्याच्याकडे नव्हता. मी आतल्या दाराशी बशीत पेढे घेऊन उभी होते.

नाना मास्तर होता, पण रीत त्याला माहीत नव्हती असं कुणी म्हणू नये. त्याच मातीतला तो. एका क्षणासाठी विसरला असेल. की त्याला वाटलं, आपण बोललेलं कुणी ऐकत नाही, तर करून दाखवू? मी त्याला नंतर विचारलं होतं, "नाना, ओरडला का नाहीस आप्पावर? ओरडायचं होतंस की." तो म्हणाला, "सुमे, तो माणूस माझ्या घरात उभा होता गं." एवढंच. याला चांगुलपणा म्हणायचं की अहंकार, मला आजही ठरवता येत नाही. कधी वाटतं, त्यानं केलं तेच बरोबर. आणि कधी निखिलचं तेव्हाचं तोंड आठवतं आणि नानाचा इतका राग येतो, की तो गेलाय हेही मी विसरते.

वैशालीनं फोनवर निखिलला सांगितलं, "माझ्या बापाला तुमच्या घरात उभं केलं आणि वर उठून दाखवलं. मला तिथं नाही यायचं." नाना मला घेऊन एसटीनं येवल्याला गेला. काशिनाथभाऊ मागावर होते, पाय मागाच्या खड्ड्यात सोडून बसलेले. आम्हाला बघून वर आले, स्वतः चटई टाकली, म्हणाले, "बसा सर. ताई, बसा." चहा झाला. नानानं हात जोडले. "मी उठलो, माझं चुकलं," म्हणाला. काशिनाथभाऊ खाली बघत राहिले. "राहू द्या सर," म्हणाले. "पोरगी नाय म्हनती. तिचा मामा तर लय चिडलाय. आता बोलून काय उपेग." आम्ही उठलो. परतीच्या गाडीत नाना खिडकीबाहेर बघत होता. पुढच्या वर्षी वैशालीचं लग्न संगमनेरला झालं, असं कळलं. ती पैठणी पुढे कुणी नेसली, मी कधी विचारलं नाही.

निखिलनं भांडण केलं ते एकदाच. माझ्यासमोर. "मी त्यांच्यासाठी उठलो होतो रे," नाना म्हणाला. निखिल म्हणाला, "त्या खोलीत इतकी माणसं होती. त्यातल्या एकाला तरी तसं वाटलं का? एका माणसाचं नाव सांगा, बाबा. एकाचं." नानाला सांगता आलं नाही. मी त्या खोलीत नव्हते, आतल्या खोलीत होते, आणि मी सख्खी बहीण, माझं कोण धरतं? निखिल नोकरीला पुण्याला गेला. लग्न केलं नाही. आणि त्यानं एक गोष्ट सुरू केली, ठरवून की न ठरवता, देव जाणे. तो बापाच्या घरी बसेनासा झाला. यायचा नियमानं. औषधं आणायचा, विजेचं बिल भरायचा, पाण्याची टाकी साफ करून द्यायचा. सगळं उभ्यानं. चहा प्यायचा तोही फ्रीजवर हात टेकवून. "बस रे," नाना म्हणायचा. "नाही, निघतो. सिन्नरच्या पुढे गर्दी लागेल." रात्री राहायचं झालं, तर माझ्याकडे, गंगापूर रोडला. माझ्याकडे सोफ्यावर पसरायचा आणि बापाच्या घरी जणू जमीन तापलेली असायची. हळूहळू नानानं बस म्हणायचं सोडून दिलं. पण निखिल यायच्या दिवशी व्हरांड्यातली ती खुर्ची पुसून ठेवलेली असायची, हे मी पाहिलंय. सगळं जग त्या खुर्चीत बसून गेलं... एक हा सोडून.

मग नाना दवाखान्यात पडला, ते दिवस तर विचारूच नका. निखिल सुट्टी टाकून आला. त्याच्यासारखी सेवा कुणाचा मुलगा करणार नाही. रक्ताच्या बाटल्या, तपासण्या, डॉक्टरांच्या मागे धावणं, एका पायावर उभा. खाटेजवळ स्टूल होतं. मी म्हटलं, "बस की रे जरा त्याच्याजवळ." तो म्हणाला, "डॉक्टर येतील आत्ता." शेवटी-शेवटी नानाचं बोलणं गेलं होतं. एका दुपारी त्यानं डोळे उघडले, निखिल पायाशी उभा होता. नानानं हात उचलला आणि गादीच्या कडेवर थोपटलं. दोनदा. निखिलनं ते पाहिलं. पुढे झाला, चादरीची तिथली सुरकुती नीट केली आणि सलाइनची नळी नीट चालतेय का ते बघायला मागे वळला. त्याला कळलं नाही की कळूनही त्याच्यानं झालं नाही, हे मी त्याला कधीच विचारणार नाही.

मग सुतक आलं. अग्नी देणाऱ्याला दहाव्यापर्यंत घर सोडता येत नाही. निखिल त्याच पुढच्या खोलीत, बैठक झाली होती त्याच भिंतीशी, घोंगडीवर बसला. रीतीनंच त्याला बसवलं शेवटी. शेजारी दिवा. लोक दारावर येत होते. अशा घरात या-बसा करत नाहीत. आलेला आपणच येतो, गप्प बसतो आणि निघताना 'येतो' न म्हणता उठतो. आप्पाही आला, बसला, डोळे पुसले, उठला. नानाचे विद्यार्थी आले, आता टक्कल पडलेले. एके सकाळी मी आतून पाहिलं, तर व्हरांड्याच्या पायरीवर एक म्हातारा माणूस उभा. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, आत यावं की न यावं अशा विचारात थांबलेला. ओळखायला मला वेळ लागला. काशिनाथभाऊ होते. येवल्याहून एकटेच आले होते.

या घरात त्यांना कुणी बसा म्हटल्याशिवाय ते बसणार नव्हते, आणि त्या दिवसांत बसा म्हणायची रीत नव्हती. सगळे नुसते बघत राहिले. तेवढ्यात निखिल घोंगडीवरून उठला. बाजूच्या कुणीतरी "अरे, उठू नको" म्हटलं, त्यानं ऐकलं नाही. व्हरांड्यात गेला, वेताची खुर्ची ओढून त्यांच्यापुढे केली आणि म्हणाला, "बसा काका."

काशिनाथभाऊ बसले. पिशवी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "सर उठले ना त्या दिवशी, ते माझ्यासाठी उठले. मला तवाच कळलं व्हतं." निखिल तसाच उभा. "पदराचं दुसरं टोक धरलं त्यांनी. पार काठाला काठ लावून घडी घातली माझ्यासंगं. सोयरीक मोडायची असती, तर साडीची घडी कोन घालत बसतं?"

"मग बोलला का नाही तुम्ही?" निखिलनं विचारलं. आवाज चढला नव्हता, पण मला त्याची भीती वाटली.

"मेव्हना चपला घालाय लागला व्हता. समदे उठले. मी तर उभाच व्हतो. पोरीला सांगितलं नंतर, तिच्या लग्नानंतर. ती लय रडली. म्हनली, आता कुनाला सांगू नका. मंग सर असताना येनं झालंच नाय."

निखिल आत आला, घोंगडीवर बसला, आणि दिव्याकडे तोंड करून रडला. बाप गेला त्या दिवशी रडला नव्हता. काशिनाथभाऊ थोडा वेळ बसले आणि 'येतो' न म्हणता उठून गेले. मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर तो अजून गेलेला नाही. एक वाक्य होतं त्यांच्याकडे. एका माणसाचं नाव, जे नानाला सांगता आलं नव्हतं. ते येवल्याच्या चटईवर त्यांच्या तोंडाशी आलं असेल का... आणि राहू द्या म्हणून त्यांनी गिळलं असेल का? पण ते म्हाताऱ्या पायांनी एसटीतून आले, हेही मला विसरता येत नाही.

निखिल पुण्याला परत गेला. घराची किल्ली माझ्याकडे आहे, मी आठवड्यातून एकदा कुंड्यांना पाणी घालायला जाते. परवा गेले तर फाटक उघडंच. वाटलं, चोर. बघते तर व्हरांड्यात निखिल. न सांगता आला होता. त्या वेताच्या खुर्चीवर बसला होता, पायांत बूट तसेच, हात मांडीवर, रस्त्याकडे बघत. किती वेळ बसला असेल कोण जाणे. मी फाटकाशीच थांबले. मनात म्हटलं, नाना, बसला बघ तुझा पोरगा.

त्यानं मला पाहिलं आणि तो चटकन उठला. आमच्या घरात कुणी असं उठलं, की मला अजून ती बैठक आठवते.

"आत्या, बस," तो म्हणाला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

या वेळी मी बसले. वेत अजून गरम होता. तो चौकटीला टेकून उभा राहिला, त्याचा बाप उभा राहायचा तसाच, तिथंच.